विल्डाने उकरलेला पाचोळा

एप्रिल लागला, डॉगवूडची झाडं फुलांनी पांढरी झाली, आणि विल्डा स्टॉग्झडिलने नणंदेला खाटेजवळ बोलावून आपली शेवटची इच्छा सांगितली.

"कोठारात मागच्या भिंतीला दाताळं टांगलंय. ते घे आणि टेकडीवर जा."

नेडीनला वाटलं, औषधाचा अंमल बोलतोय. "बरं बरं. तू पड जरा."

"पडायला पुढे पुष्कळ वेळ आहे मला. आधी दार लाव."

"दार कशाला लावायचं? तुझा नवरा ठार बहिरा. कानाशी तोफ उडवली तरी विचारेल, कोण शिंकलं?"

"तेच तर सांगायचंय तुला," विल्डा म्हणाली. "लाव दार."

नेडीनने दार लावलं. ती विल्डाच्या नवऱ्याची, डेलमरची, धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली, विधवा. या खोऱ्यातल्या खडीच्या रस्त्यांवर तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि तिचा आवाज त्या कामाला शोभेल असाच होता. फेब्रुवारीत विल्डाच्या हृदयाने काम टाकलं, फुप्फुसांत पाणी भरायला लागलं, तेव्हा नेडीन स्वतःचं घर बंद करून एक बॅग आणि स्वतःची उशी घेऊन इथे आली. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उन्हाळा बघेल असं धरून चालू नका. त्यावर विल्डा रडली नाही की देवाचं नाव घेतलं नाही. तिने एवढंच मागितलं की खाट पुढच्या खोलीत, टेकडीकडच्या खिडकीला लावा. सगळ्यांना वाटलं, बिचारीला फुलं बघायची असतील. फुलंबिलं काही नव्हे. विल्डाला ऐकायचं होतं.

ओझार्कच्या या डोंगरांत एप्रिल म्हणजे जंगली टर्की. बाकी सगळी कामं त्या आठवड्यांत आपोआप मागे पडतात, लग्नंसुद्धा. हे अवजड पक्षी रात्री उंच झाडावर बसतात, बहुधा ठरलेल्या झाडावरच, आणि उजाडता उजाडता खाली उतरतात. नर फांदीवरूनच खळखळून ओरडतो, माद्यांना सांगतो की मी आलो. शिकाऱ्याने त्याआधी, काळोखातच, दिवा न लावता चालत जायचं आणि त्या झाडाच्या अलीकडे, पक्ष्यांना चाहूल लागणार नाही इतक्या अंतरावर बुंध्याला पाठ टेकून बसायचं. वाटेत एक काटकी मोडली की खेळ संपला. ज्याच्याकडे हजार एकर आहेत तो दुसऱ्या झाडाकडे वळेल. डेलमरकडे होते अठरा एकर, आणि पक्षी बसतील असं झाड एकच, उतारावरचा जुना पांढरा ओक. ओकच्या पलीकडे काटेरी तार आणि तारेपलीकडे सेंट लुईसहून आलेल्या एका माणसाची गुरं. पक्षी बिचकले की सरळ तिकडे उडायचे, आणि एकदा तिकडे बसायला लागले की त्या वर्षी परत यायचे नाहीत. तार ओलांडून त्यांच्यामागे जाणं डेलमरला मेल्याहून वाईट वाटलं असतं.

पण त्याच्यावर कधी तशी वेळच आली नव्हती. खोऱ्यात डेलमरच्या पायांचं नाव होतं. तो धुरासारखा चालतो, असं लोक म्हणायचे. लाकडाच्या गिरणीत आयुष्य घालवून त्याचे कान गेले, ते सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही होतं. कानात घालायचं यंत्र आणलेलं होतं. ते स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांच्या संगतीत पडून असे. "ते घातलं की सगळं जग पत्र्याच्या डब्यात वाजतं," तो म्हणायचा. "कान गेले तर गेले. पाय आहेत की."

"पायही गेलेत," विल्डा त्या दिवशी दार लावल्यावर नेडीनला म्हणाली. "वादळाने कोठाराचं छप्पर उडवलं ना, त्या साली गेले."

शिकारीच्या पहिल्या दिवशी विल्डा काळोखात पडवीत गोधडी पांघरून बसायची, हातात कॉफी. लग्नापासूनची तिची रीत. तिथे बसून ती नवऱ्याची अख्खी शिकार कानांनी बघायची. आधी काहीच नाही. मग घुबडाचा घुत्कार, तो डेलमर. त्यावर चिडलेल्या नराची आरोळी. मग पुन्हा काही नाही, आणि मग बार. त्या वर्षी मात्र अंगण सोडल्यापासून तिला नवरा ऐकू यायला लागला. कोरडा पाचोळा, गेल्या पानगळीचा. कुणी पापडांच्या चळतीवरून चालत जावं तसा तो चढ चढत होता, काटक्या मोडत, धोंडे घरंगळवत, आणि त्याचं त्याला काही कळत नव्हतं. मग ओकवर धडपड झाली, ओल्या गोधड्या झटकाव्यात तसे पंख वाजले, आणि सगळे तारेपलीकडे गेले. ऊन आल्यावर डेलमर खाली आला. "आज तिथे कुणी नव्हतंच गं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा स्वच्छ होता.

"मग तोंडावर सांगायचं ना!" नेडीन म्हणाली. "की बाबा रे, तू बैलासारखा चालतोस."

"तू सांगितलं असतंस?"

"मी तर बसच्या भोंग्यावर सांगितलं असतं."

विल्डा हसली आणि मग तिला खोकला आला. तो संपेपर्यंत नेडीन उशीशी झटापट करत राहिली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

"लग्न ठरलं तेव्हा," श्वास जागेवर आल्यावर विल्डा म्हणाली, "याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. घर नाही, गाडी नाही. मला त्या उतारावर नेलं आणि म्हणाला, डोळे मीट, उघड म्हणेन तेव्हा उघड. मी आपली उभी. नोव्हेंबर, गुडघाभर पाचोळा. हा म्हणाला, उघड. बघते तर हातभर अंतरावर उभा, दात दाखवत. पान हललेलं मला ऐकू आलं नव्हतं. मी त्याच्याशी लग्न केलं ते त्यावर केलं, नेडीन. तेच गेलं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

म्हणून तिने दाताळं उचललं.

डेलमर दर गुरुवारी गावात गुरांच्या लिलावाला जाई. घ्यायचं काही नसे, ऐकायला तर काहीच येत नसे, पण तो जाई. शिकार सुरू होण्याआधीच्या गुरुवारी विल्डा टेकडीवर जायची आणि अंगणाच्या फाटकापासून तो बसायचा त्या पडलेल्या सीडरच्या खोडापर्यंत वाट मोकळी करायची. काटक्या वेचायच्या, पाचोळा ओढायचा, खालची मऊ काळी माती उघडी करायची. अडचण एकच होती. डेलमर जाताना अंधारात जाई, पण आदल्या संध्याकाळी पक्षी कुठे बसतात ते बघायला उजेडातच एक चक्कर मारी. झाडलेली वाट त्याला दिसली असती.

त्यावर विल्डाने उपाय शोधला, तोही नवऱ्यानेच शिकवलेला. टर्की किडे-बिया शोधताना पायांनी पाचोळा मागे फेकतात. उघड्या मातीचा तुकडा राहतो, बाणाच्या टोकासारखा, आणि मागे पानांचा ढीग. असे तुकडे दिसले की शिकारी हरखतो, म्हणजे इथे पक्षी चरतात. विल्डा दाताळ्याने तसे तुकडे करायची. एक डावीकडे, एक उजवीकडे, एकामागे एक, पावलापावलाच्या अंतरावर. शर्टांच्या कारखान्यात आयुष्यभर कॉलर शिवलेल्या बाईचा हात तो. एकसारखं काम कसं करायचं हे जसं तिला ठाऊक होतं, तसंच ते एकसारखं दिसू कसं द्यायचं नाही, हेही.

पहिल्या वर्षी डेलमर खाली धावत आला होता. "विल्डा! अगं, काय उकरलंय पक्ष्यांनी! फाटकापर्यंत आलेत!" त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून त्याने सगळ्यांना सांगितलं. नंतर दर वर्षी सांगू लागला. आणि बहुतेक वर्षी पक्षी घेऊन खाली येऊ लागला.

"म्हणजे इतकी वर्षं तू टर्की झालीस," नेडीन म्हणाली.

"झाले. आणि यंदा मला स्वयंपाकघरापर्यंत जाववत नाही." विल्डाने तिचा हात धरला. तो हात थंड होता आणि फुगलेला. "मी जायच्या आधी मला त्याचा बार ऐकायचाय. एकदाच. तो वर गेला, कुणाला न कळता गेला, आणि पक्षी घेऊन खाली आला, एवढं मला ऐकू दे. मग पुढचं पुढे."

"मला खोटेपणा जमत नाही, विल्डा. आवडतही नाही. तुला माहीत आहे."

"मग बोलू नकोस काही. नुसतं उकर. पण बाणासारखं, हं. ऐकलंस ना? बाणासारखं."

"ऐकलं गं बाई. बाणासारखं."

ऐकलं होतं. पण नेडीनचा डावा खुबा नकली होता, टेकडी चढाची होती, आणि चुलीवर घेवडा शिजत होता. गुरुवारी भावाची गाडी वळणाआड जाताच ती दाताळं घेऊन निघाली. पहिले काही तुकडे तिने सांगितल्याप्रमाणे केले, डावीकडे एक, उजवीकडे एक. मग तिला गोचीड चावली. मग खुबा बोलायला लागला. मग तिला वाटलं, हा काय पोरखेळ आहे, म्हातारा अंधारात चालणार, त्याला काय चित्रं बघायचीत? ती दाताळं सरळ ओढत गेली, दोन्ही हातांनी, अंगण झाडतात तशी, आणि घेवडा करपायच्या आत खाली आली. मनातून खूशही झाली. स्वच्छ काम झालं होतं.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी डेलमर नेहमीप्रमाणे टेकडीवर चक्कर मारून आला. टोपी काढली, खुंटीला लावली, ताटावर बसला. नेडीनने मक्याचा पाव पुढे सरकवला. त्याने तो मोडला आणि तसाच ठेवला.

"पक्षी आहेत का रे?" पुढच्या खोलीतून विल्डाने विचारलं. त्याला ऐकू आलं नाही. नेडीनने त्याच्या दंडाला धरून त्याच्याकडे तोंड करून विचारलं, "ती विचारतेय, पक्षी आहेत का?"

"आहेत. ओकवरच बसलेत." तो उठून दारात गेला, बायकोला दिसेल असा. "आणि उकरलंय पण खूप यंदा. फाटकापासून सीडरपर्यंत. सरळ."

"छान," विल्डा म्हणाली.

तो अंघोळीला गेल्यावर तिने नेडीनला बोलावलं. आवाज खाली, पण डोळे असे, की बसमधल्या एखाद्या पोराने ते पाहिले असते तर खालीच उतरलं असतं.

"सरळ म्हणाला तो. काय केलंस तू?"

"काय केलं म्हणजे? झाडलं."

"कसं झाडलंस?"

"माणसं झाडतात तसं!"

विल्डाने डोळे मिटले. "नेडीन. टर्की कधी रांगेत चालतात का गं?"

"त्याला कळलेलं नाही. छान जेवला की."

"जेवला नाही. पाव मोडल्याचा आवाज आला, चावल्याचा आला नाही."

नेडीनने जाऊन ताट पाहिलं. पाव तसाच होता. 

सकाळी काळोखातच डेलमर उठला. विल्डा जागीच होती. नेडीनही जागी होती, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत अंगावर गाऊन ओढून. बंदूक खुंटीवरून निघाली. दार उघडलं, पडवीच्या फळ्या वाजल्या, आणि मग सगळं शांत. नेडीन श्वास धरून ऐकत होती. पान वाजलं नाही. काटकी मोडली नाही. तिला वाटलं, चला, सरळ का असेना, वाट कामाला आली. थोड्या वेळाने पुढच्या खोलीतून विल्डाचा हलका आवाज आला, "गेला बघ. काही ऐकू आलं नाही," आणि त्या आवाजातला आनंद नेडीनला सहन होईना.

मग आभाळ पांढुरकं झालं आणि ओकवरून नर ओरडला. एकदा, दोनदा, नंतर मोजायचं कशाला, सारखाच. अख्खी टेकडी त्याने डोक्यावर घेतली. दोघी बार होण्याची वाट पाहत राहिल्या. पक्षी खाली उतरल्याचे आवाज आले. नराची आरोळी हळूहळू ओढ्याकडे गेली, मग ओढ्यापलीकडे. कोवळं ऊन आलं. बार झाला नाही.

दार वाजलं आणि डेलमर आत आला. बंदूक कोपऱ्यात उभी केली. विल्डाच्या खाटेपाशी येऊन म्हणाला, "नाही आले. सीडरपाशी बसलो होतो. गप्प होते आज सगळे."

विल्डाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग नेडीननेही पाहिलं. बाहेर दव इतकं पडलं होतं की अंगणातली दोरी ठिबकत होती. बूट कोरडे होते. पँटीच्या कडासुद्धा.

"बस इथे," विल्डा म्हणाली, आणि त्याला नीट दिसेल असे ओठ हलवत विचारलं, "कुठे होतास?"

तो बसला. बराच वेळ टोपी फिरवत राहिला. "पडवीत."

"का?"

"तू हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही वरून. म्हणून दिसेल अशा जागी बसलो. या खिडकीखाली."

"नेडीन आहे की घरात."

"नेडीन घोरते. मला ऐकू येत नाही, पण फळ्यांतून कळतं."

"ए," नेडीन दारातून म्हणाली.

"मग बंदूक कशाला घेतलीस?" विल्डाने विचारलं.

"तू ऐकत बसली असतीस ना. म्हणून."

 खिडकीच्या काचेवर एक माशी चालत होती. डेलमरने विल्डाकडे वळून विचारलं, "वाट तू झाडायचीस?"

"हो."

"कधीपासून?"

"छप्पर उडालं त्या सालापासून."

तो हिशेब करत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. मग एकदम तो मोठ्याने म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसा, अख्ख्या घराला ऐकू जाईल असा, "म्हणजे ती उकरणी? चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून मी सांगायचो ती? बाप्टिस्टांच्या त्या पाद्र्याला मी वर नेऊन दाखवली होती! त्याने फोटो काढले!"

"माझीच."

"आणि ते एक, ओढ्याकडचं? मी म्हणालो होतो, हा पंचवीस पौंडी नर, यापेक्षा मोठा पाय मी पाहिला नाही?"

"तेही माझंच. त्या दिवशी मला तुझा राग आला होता."

डेलमर हसायला लागला. विल्डाही. तिला हसणं परवडत नव्हतं, ओठ निळे पडत होते, तरी ती हसली. नेडीनलाही हसू फुटलं, आणि मग तिने पाहिलं की भाऊ हसत नाहीये. त्याचे खांदे हलत होते, पण ते हसणं नव्हतं.

"कान गेले ते मला कळलं होतं," तो म्हणाला. "पाय कधी गेले, ते मला कुणी सांगितलंच नाही."

"मी सांगायला हवं होतं," विल्डा म्हणाली. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं नव्हतं. तिने पुन्हा म्हटलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला तो ऐकू येत नाही गं. नर. पुष्कळ वर्षं झाली. मी आपला घुबडाचा आवाज काढायचो, आणि त्याने उत्तर दिलं असेल असं धरून चालायचो. उजाडलं की डोळ्यांनी काय दिसेल ते. घरी येऊन तुला सांगायचो ना, सात वेळा ओरडला, दहा वेळा ओरडला..."

"माहीत आहे."

"कसं?"

"मला ऐकू यायचं की. तू दहा सांगायचास त्या दिवशी तो गप्प असायचा."

इथे नेडीन स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. भांडी घासलेलीच होती. तिने ती पुन्हा घासली.

त्या वर्षी डेलमर शिकारीला टेकडीवर गेला नाही. विल्डाने हट्ट केला, रागावली, एकदा तर म्हणाली, "मी मरतेय, निदान माझं ऐक." तो म्हणाला, "ऐकायचं तर तुलाच आहे. मी वर जाऊन काय करू?" बाराचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिच्या खाटेशेजारी खुर्ची ओढली, खिडकी वर सरकवली आणि थंडी आत घेतली. नेडीन ओरडली की फुप्फुसात पाणी आहे तिच्या, वेडी झालात का दोघं? कुणी लक्ष दिलं नाही. काळोखात दोघं बसली. मग नर ओरडला, आणि विल्डाने गोधडीवरचा हात किंचित हलवून एक बोट उचललं. डेलमर त्या बोटाकडे बघत होता.

"आत्ता?"

तिने मान हलवली. बोट थोडं डावीकडे वळवलं.

"तारेकडे तोंड आहे त्याचं," तो म्हणाला. "आता मान लांब करेल. खाली बघेल, माद्या उतरल्यात का. उतरल्या नसतील. म्हणून चिडलाय."

पुन्हा बोट.

"दुसरा आहे का? कोवळा?"

तिने दुसरं बोट उचललं, अर्धवट वाकवलेलं, म्हणजे आवाज फुटका आहे. डेलमरला हसू आलं. "बापाचं बघून ओरडतोय. फांदीवर मागे सरकून बसला असेल, मार खाईल म्हणून."

मग रोजच असं चालू झालं. नेडीन कॉफी घेऊन येई तेव्हा ती दोघं आपल्या कामात असत, आणि तिला कुणाच्या तरी खाजगी खोलीत शिरल्यासारखं वाटे. विल्डाचे हात दिवसेंदिवस फुगत गेले. बोट पूर्ण उचललं जाईना, नुसतं हले. डेलमर पुढे वाकून बसायला लागला, डोळे त्या हातावर, जसा तो पूर्वी सीडरला टेकून फांदीवरची सावली बघत बसत असेल तसा. त्याला ती हालचाल कधी चुकली नाही. रविवारी चर्चमध्ये कुणीतरी विचारलं, काय डेलमर, यंदा उकरणी कशी आहे? तो म्हणाला, "यंदा नाही." एवढंच म्हणाला, आणि नेडीनला उगीच तिथल्या तिथे बाकाखाली जावंसं वाटलं.

त्या दुपारी ती कुणाला न सांगता दाताळं घेऊन वर गेली. तिने केलेला सरळ पट्टा अजून तसाच होता, मूर्खासारखा. तिने पायाने आणि दाताळ्याने पाचोळा पुन्हा त्यावर ओढला, सगळा झाकून टाकला, आणि खाली येताना दोनदा बसली. विल्डाने विचारलं, "कुठे होतीस?" नेडीन म्हणाली, "कोंबड्यांकडे." विल्डाने तिच्या बाहीला चिकटलेलं ओकचं पान काढलं.

मे लागायच्या सुमाराची ती सकाळ होती. खोऱ्यात धुकं उतरलं होतं, खिडकीतून आत येईल इतकं. नेडीन कॉफीचे दोन कप घेऊन आली. विल्डा आता कॉफी पीत नसे, पण तिला वास हवा असे, म्हणून दोन. डेलमर खुर्चीत होता, पुढे वाकलेला, कोपरं गुडघ्यांवर. गोधडीवर विल्डाचा हात होता.

बाहेर नर ओरडला.

जवळ होता. यंदा इतक्या जवळ तो एकदाही आला नव्हता, ओक सोडून फाटकाच्या अलीकडे कुठेतरी, काच थरथरेल असा. नेडीनने हाताकडे पाहिलं. तो पुन्हा ओरडला, आणि त्याच्यामागून तो कोवळा, फुटक्या आवाजाचा. नेडीन हाताकडेच बघत होती. मग तिने वर पाहिलं, उशीवरच्या चेहऱ्याकडे, आणि गोधडीकडे, जी वरखाली होत नव्हती.

फळ्यांतून तिचे पाय कळले असावेत. डेलमरने मान न वळवता, हातावरची नजर न काढता म्हटलं, "आज गप्प आहेत. धुकं आहे ना. धुक्यात उशिरा ओरडतात."

खिडकीबाहेर नर खळखळून ओरडला.

नेडीनने कप खिडकीच्या कडेला ठेवले. पुढे झाली, भावाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला आपले ओठ दिसतील अशी वाकली.

"हो," ती म्हणाली. "गप्प आहेत आज."

त्याने मान हलवली आणि पुन्हा त्या हाताकडे पाहत बसला. नेडीनने दुसरी खुर्ची ओढली आणि तीही बसली.